बिनजाळ्याचा कोळी

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी, आमटीला फोडणी देऊन झाल्यावर ओट्याशेजारच्या भिंतीवर मला एक करडा ठिपका दिसला. मोहरीबरोबर उडालेला तेलाचा शिंतोडा असेल असे वाटून मी ओले फडके उचलले. फडके वीतभर अंतरावर आले तेव्हा तो ठिपका जागच्या जागी गर्रकन वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. ‘पाहिले’ हे क्रियापद मी विचार करून वापरते आहे. झुरळ दिवा लागताच पळते, मुंगीला तिच्या रांगेपलीकडचे काही दिसत असेल असे वाटत नाही, आणि पाल थबकते खरी, पण तिची नजर नेमकी कुठे लागली आहे याचा पत्ता लागत नाही. या इवल्याशा जिवाच्या कपाळावर मात्र मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे काळेभोर डोळे होते आणि ते सरळ माझ्या तोंडावर रोखलेले होते. मी डोके डावीकडे झुकवले, तसा तोही थोडासा वळला. फडके हातातच राहिले.

तोवर आमच्या कामाच्या मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई. हा जाळं करत नाही, घाण करत नाही. माशा खातो बिचारा.” पुढे कित्येक महिने वाचून आणि भिंतीकडे टक लावून मी जे शिकले, त्याचा निम्मा सारांश मावशींनी त्या एका वाक्यात सांगून टाकला होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

आम्ही ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. एकदा नजर बसल्यावर लक्षात आले की या इमारतीत उड्या मारणारे कोळी निदान तीन जातींचे आहेत आणि तिघांनी जागा जणू वाटून घेतल्या आहेत. उन्हाने तापलेल्या बाहेरच्या भिंतीवर, जिन्यात आणि गॅलरीच्या कठड्यावर जो करडा, केसाळ आणि चपट्या अंगाचा कोळी असतो, त्याचे शास्त्रीय नाव मेनेमेरस बिव्हिटॅटस. ओट्याजवळचा माझा पहिला पाहुणा हाच. अंग इतके चपटे असते की प्लास्टरच्या भेगेतही तो सहज शिरतो, आणि करडा रंग भिंतीत असा मिसळतो की तो हलेपर्यंत दिसतच नाही. दुसरा प्लेक्सिपस पायकुली. याच्या नराच्या काळ्या अंगावर पुढून मागपर्यंत पांढरे पट्टे असतात, मादी त्यामानाने तपकिरी आणि साधी. दोघांचाही वावर ट्यूबलाइटच्या आणि खिडक्यांच्या आसपास, कारण रात्री किडे तिथेच येतात. तिसरा हॅसॅरियस ॲडॅन्सोनी, तिघांत लहान आणि माझ्या मते तिघांत देखणा. त्याच्या नराच्या काळ्या पोटावर पांढरी कोर असते आणि तोंडापुढचे मिशांसारखे दोन आखूड अवयव पांढरेशुभ्र असतात. चालताना तो ते असे हलवतो की दुरून फक्त तेवढेच दिसतात. हा कुंड्यांच्या मागे, माठाच्या तिवईखाली, जरा सावलीत सापडतो.

या तिघांना एकच मराठी नाव आहे, आणि तेही उसने. आपण म्हणतो ‘कोळी’, आणि कोळी म्हटले की जाळे आलेच. समुद्रावरचा कोळी जाळे टाकतो, कोपऱ्यातला कोळी जाळे विणतो, आणि हे साम्य आपल्या भाषेच्या इतके अंगवळणी पडले आहे की कोळिष्टके कोळ्याचीच असणार याबद्दल शब्दालाही शंका नाही. स्वतःतून धागा काढून पुन्हा स्वतःत ओढून घेणारा उपनिषदातला ऊर्णनाभ हा जाळेवाला, आणि पुन्हा पुन्हा पडूनही धाग्यावर चढत राहून हरलेल्या राजाला धीर देणारा शाळेतल्या गोष्टीतला कोळीही त्याच जातकुळीचा. भिंतीवर वाघासारखा दबा धरून, अंतराचा अंदाज घेऊन झेप घालणाऱ्या या प्राण्याला त्यातले काहीच लागू पडत नाही. त्याच्यापाशी रेशीम आहे, पण शिकार पकडण्यासाठी तो ते वापरत नाही. त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर आहे. जपानी भाषेत या कोळ्यांना ‘हाएतोरिगुमो’ म्हणतात, म्हणजे माशा पकडणारा कोळी. नाव ठेवणाऱ्याने त्याला काम करताना पाहिले होते हे उघड आहे. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तर तिथे लोक हे कोळी पाळून त्यांच्यात माशा पकडण्याच्या शर्यती लावत आणि त्यांना दिवाणखान्यातले ससाणे म्हणत. आपल्याकडे त्याच्या वाट्याला शब्दही दुसऱ्याचा आला आणि दिवाळीच्या साफसफाईत कुंच्याचा फटकाही दुसऱ्याच्या जळमटांसाठी बसतो.

आता डोळ्यांविषयी, कारण खरे आश्चर्य तिथे आहे. डोळे आठ. त्यातल्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान डोळा, आणि डोक्यावर मागच्या बाजूला आणखी दोन जोड्या, त्यातली एक बहुतेक जातींत जेमतेम दिसण्याइतकी. बाजूचे आणि मागचे डोळे हालचाल टिपतात, आणि सगळे मिळून जवळजवळ सभोवार पाहतात. म्हणूनच मागून आलेले माझे फडके त्याला कळले. काहीतरी हलले की तो वळतो आणि पुढचे दोन डोळे त्या वस्तूवर रोखतो. हलले ते काय आहे, हे ठरवण्याचे काम या दोघांचे. या दोन डोळ्यांची रचना मला दुर्बिणीसारखी वाटते: भिंग कवचात पक्के बसलेले, त्याच्या मागे लांब नळी, आणि नळीच्या आतल्या टोकाला दृष्टिपटल. भिंग हलू शकत नाही, म्हणून आतली नळीच स्नायूंच्या ओढीने हलते. आपण बुबुळ फिरवतो. तो डोक्याच्या आतल्या आत डोळ्याचा मागचा भाग फिरवतो. दृष्टिपटल अगदी चिंचोळे असल्यामुळे स्पष्ट दिसणारा भाग दाराच्या उभ्या फटीएवढाच असतो, आणि ती फट तो समोरच्या वस्तूवरून आडवी फिरवत, मधूनच तिरकी करत, जणू बोटाने चाचपावे तशी ती वस्तू वाचतो. मायकेल लँड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये या हालचालींची नोंद केली. हे वाचल्यावर ओट्याजवळची ती दुपार मला वेगळीच दिसू लागली. मला वाटले होते त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. प्रत्यक्षात त्याने नाक, चष्म्याची काडी, फडके असे तुकडे एकामागून एक पाहून कसलातरी हिशोब केला असणार, आणि त्या हिशोबात मी खाण्याजोगी नाही, जोडीदार नाही आणि बहुधा डोंगर आहे असे निघाले असणार.

झेप घ्यायची तर अंतर अचूक कळायला हवे. आपण ते दोन डोळ्यांत दिसणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांवरून ताडतो. या कोळ्याने मात्र त्यासाठी पार वेगळी युक्ती केली आहे, आणि ती उलगडली तीसुद्धा आमच्या माठाच्या तिवईखालच्या हॅसॅरियसवरच. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की त्याच्या मुख्य डोळ्याच्या दृष्टिपटलाचे एकामागे एक असे चार थर असतात. त्यातल्या सर्वांत मागच्या दोन थरांना हिरवा प्रकाश जाणवतो, पण भिंगाच्या रचनेमुळे हिरव्या प्रकाशाचे स्पष्ट चित्र त्यातल्या एकाच थरावर उमटते आणि दुसऱ्यावर ते कायम धूसर पडते. धूसरपणा किती, हे वस्तूच्या अंतरावर अवलंबून असते, आणि त्या धूसरपणावरून कोळी अंतर काढतो. पडताळा घेण्यासाठी त्यांनी कोळ्यांना हिरव्याऐवजी लाल प्रकाशात झेप घ्यायला लावली, तेव्हा ते नेमाने कमी पडले, भक्ष्याच्या अलीकडेच उतरले. चष्मा लागल्यापासून धूसर दिसण्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. धूसरपणाचीच फूटपट्टी करणारा प्राणी आपल्याच घरात राहतो हे वाचून मी चष्मा काढला, भिंतीकडे पाहिले आणि पुन्हा घातला. मला काहीच मोजता आले नाही.

झेपेतही नवल आहे. टोळ किंवा बेडकासारखे दणकट मागचे पाय त्याला नाहीत. कोळ्यांच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना आत वळवणारे स्नायू असतात, पण सरळ करणारे नसतात. पाय ताठ होतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने, झाडांना पाणी घालणाऱ्या नळीत पाणी सोडल्यावर ती ताठरते तसा. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन मुटकुळे होऊन पडलेला दिसतो त्याचे कारणही हेच, की दाब गेला. उडी मारणारा कोळी हाच दाब एका क्षणात मागच्या पायांत सोडतो आणि अंगाच्या कित्येक पट अंतर कापतो. उडण्यापूर्वी तो पोटाचे टोक भिंतीला टेकवून एक धागा चिकटवतो, हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मी समजत होते की हा केवळ सुरक्षेचा दोर, डोंगर चढणाऱ्याच्या कमरेला असतो तसा. पण २०१३ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी, पुन्हा याच हॅसॅरियसचे वेगवान चित्रण करून, दाखवले की हवेत असताना तो धागा अंगाचा तोल सावरतो आणि वेग आवरतो. ज्यांचा धागा चालू नव्हता ते हवेत मागे कलंडले आणि वेडेवाकडे उतरले. म्हणजे रेशीम आहेच, आणि कामालाही येते, फक्त दुसऱ्याला अडकवायला नाही, स्वतःला आवरायला.

एकदा मी हे सगळे सलग पाहिले. गॅलरीच्या कठड्यावर आंब्याच्या सालीवरून उठलेली एक घरमाशी बसली होती आणि तिच्यापासून फूटभर अंतरावर तो करडा भिंतकोळी होता. तो वळला, थांबला, आणि सरळ तिच्याकडे जाण्याऐवजी कठड्याच्या खालच्या अंगाला उतरून दिसेनासा झाला. मला वाटले, सोडून दिले. अर्ध्या मिनिटाने तो माशीच्या मागच्या बाजूने वर आला. मग चालणे असे राहिलेच नाही. माशी पाय चोळायची थांबली की तोही थांबे, ती पुन्हा पाय चोळू लागली की तो जवाएवढे अंतर सरके. शेवटचे बोटभर अंतर उरले तेव्हा त्याने पोट खाली टेकवले, पुढचे पाय किंचित उचलले, आणि पुढचे मला दिसलेच नाही. दिसले ते एवढेच की माशी आणि कोळी दोघेही कठड्याच्या कडेवरून खाली, हवेत, एका धाग्याला लोंबकळत आहेत. माशी त्याच्याएवढीच होती. त्याने तिला मानेशी धरले होते आणि ती फडफडत असताना तो शांतपणे झुलत होता. मग धाग्यावरून तो तिला घेऊन वर चढला. दूर पल्ल्याचा वळसा आखून शिकार गाठण्यासाठी पोर्शिया नावाचे त्याचे भाईबंद जगभरच्या अभ्यासकांत नावाजलेले आहेत. आमच्या कठड्यावरचा वळसा त्यांच्यापुढे बालवाडीचा म्हणावा लागेल, पण मी पाहिलेला तोच.

त्यांच्या नजरेची गंमत दुसरीकडेही कळते. संगणकाच्या पडद्यावर बसलेला पट्टेरी नर माउसच्या बाणाचा पाठलाग करतो, हे अनेकांनी अनुभवले असेल; मी एका कंटाळवाण्या ऑनलाइन बैठकीत पंधरा मिनिटे हेच केले आणि त्याने दोनदा बाणावर झेप घेतली. दुसऱ्यांदा फसल्यावर तो पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि मग बाणाकडे ढुंकून पाहीना. त्याच्यासमोर लहानसा आरसा धरला तर आणखी मोठे नाटक होते. तो पुढचे दोन्ही पाय फाकवून उंच करतो आणि आरशातल्या ‘दुसऱ्या’ नरापुढे आडवा आडवा सरकतो, जसे गल्लीतले दोन दादा एकमेकांना हात न लावता बराच वेळ फिरत राहतात. मी आरसा लवकर काढून घेतला. जिंकणे शक्य नसलेल्या भांडणात कुणाला अडकवणे बरे वाटले नाही.

या कोळ्यांना शास्त्रात नावे मिळाली त्याची कथा मला चटका लावून गेली. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या विद्वानांत झ्यूल-सेझार साव्हिनी नावाचा तरुण निसर्गअभ्यासक होता. तिथल्या कीटक-कोळ्यांची त्याने करवून घेतलेली चित्रे इतकी बारीक आहेत की आजही अभ्यासक ती उघडतात. पण चित्रांचे विवरण लिहिण्याआधीच त्याला डोळ्यांचा विकार जडला, प्रकाश सहन होईना, आणि उरलेले आयुष्य त्याला अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. अखेर व्हिक्टर ओदुअँ याने ते विवरण लिहिले, आणि १८२६ सालच्या त्या लिखाणात आमचा पट्टेरी प्लेक्सिपस आणि आमचा हॅसॅरियस दोघांनाही त्यांची नावे मिळाली. कीटकांत सर्वांत तीक्ष्ण नजरेचे म्हणावेत असे हे जीव (कोळी कीटक नव्हेत हे मला ठाऊक आहे, पण बोलताना तसेच तोंडात येते) ज्याने एवढ्या बारकाईने पाहिले, त्याच्या डोळ्यांपुढे शेवटी काळोख राहिला. इजिप्तमधल्या चित्रांवरून नाव मिळालेले हे कोळी ठाण्यात कसे, याचे उत्तर सोपे आहे. माणसाच्या मालाबरोबर, जहाजांतून आणि कुंड्यांतून ते उष्ण प्रदेशांतल्या शहरोशहरी पोचले आहेत, आणि युरोपच्या थंडीतही हॅसॅरियस तापवलेल्या काचगृहांत मजेत राहतो.

नवी नावे अजूनही दिली जात आहेत. आजवर नाव मिळालेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा गाठला, तेव्हा ती पन्नास हजारावी जात उड्या मारणाऱ्या कोळ्याचीच होती, दक्षिण अमेरिकेतली. या एका कुळातच सहा हजारांहून अधिक जाती आहेत. आणि २०२१ मध्ये आमच्याच ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले, ते तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ, ज्यांनी २००८ च्या नोव्हेंबरमधल्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असताना दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या झेलूनही सोडली नाही. नाव वाचून मी बराच वेळ गप्प होते.

लोकांना यांची भीती वाटते, आणि ती वाढवण्यात ई-मेलच्या काळातल्या एका अफवेचा हातभार आहे. संडासाच्या आसनाखाली लपून चावणारा आणि जीव घेणारा म्हणून जो कोळी जगभर बदनाम झाला, तो टेलामोनिया डायमिडिएटा नावाचा, आपल्याकडे झाडापानांवर सर्रास दिसणारा, उड्या मारणारा कोळी. ती सगळी गोष्ट बनावट होती. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर तिचे मराठी रूपांतर गेल्या पावसाळ्यात पुन्हा अवतरले, मी खुलासा लिहिला, आणि त्यावर हात जोडल्याच्या चार खुणा आल्या, ज्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. विष त्यांच्याकडे असते, माशी गार करण्यापुरते. चिमटीत दाबून धरले तर चावेलही, पण चिमटीत धरल्यावर कोण चावणार नाही?

खरा उत्पात आम्ही केला. या जानेवारीत इमारतीला रंग लावायचे ठरले. बांबूंच्या परांच्या उभ्या राहिल्या, रंगारी पत्र्याने जुने पोपडे खरवडू लागले, आणि भिंतीच्या ज्या भेगा बुजवण्यासाठी सगळ्या सभासदांनी वर्गणी काढली होती त्याच या कोळ्यांच्या खोल्या होत्या. मुख्यतः दिवसा शिकार करणारे हे जीव रात्री भेगेत शिरून रेशमाची पांढरी, चपटी पिशवी करतात आणि तिच्यात झोपतात. कात टाकणे आणि अंडी घालणेही तिथेच. त्यांच्या झोपेतही डोळ्यांची नळी मधूनमधून थरथरते असे जर्मनीत एका जातीच्या पिल्लांवर २०२२ मध्ये दिसून आले आहे. पिल्लांचे कवच पारदर्शक असल्यामुळे आतले हलणे बाहेरून दिसते, आणि ते आपल्या स्वप्नांच्या वेळच्या झोपेसारखे असावे असा अभ्यासकांचा कयास आहे. आमच्या गॅलरीबाहेरच्या खरवडलेल्या पोपड्यांत अशा पाच-सहा पिशव्या मी मोजल्या. रंगाऱ्याला थांबवावे असे वाटले, पण त्याला काय सांगणार होते? भेगा बुजवू नका म्हणणे पावसाळ्यापूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या कुणालाही परवडणारे नाही, मलाही नाही. मार्चअखेर भिंत बदामी, गुळगुळीत झाली, आणि एप्रिलभर तिच्यावर मला एकही करडा कोळी दिसला नाही. जो कधी दिसला असता तो त्या रंगावर लपलाही नसता.

मेच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराची सरकती खिडकी पुसताना डाव्या तावदानाच्या ट्रॅकमध्ये, ॲल्युमिनियमच्या कोपऱ्यात, कागदासारखी पांढरी पिशवी दिसली. रंगारी तिथवर पोचला नव्हता. मोबाइलचा दिवा जवळ नेला तर पिशवीच्या तोंडाशी प्लेक्सिपसची तपकिरी मादी, आणि तिच्या मागे, रेशमातून अस्पष्ट दिसणारी, पिवळसर अंड्यांची चकती. दिवा पाहूनही ती हलली नाही. अंडी फुटून पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती तिथेच बसते. तावदान सरकवले असते तर ती आणि अंडी दोन्ही चिरडली असती.

सासूबाईंना हे पटवणे सोपे नव्हते. “अगं, वैशाखातलं ऊन आहे आणि एका कोळ्यापायी खिडकी बंद?” असे त्यांनी दोनदा विचारले. तिसऱ्यांदा त्या स्वतःच भिंग घेऊन खिडकीशी गेल्या. बराच वेळ वाकून पाहिल्यावर म्हणाल्या, “ही तर माझ्याकडेच बघतेय की.” काल सकाळी पिशवीच्या बाहेर, ट्रॅकच्या कडेवर, मोहरीच्या दाण्याएवढी आठ-दहा पिल्ले होती, प्रत्येकाला आपापले दोन मोठे डोळे. मावशींनी केरसुणी दारामागे ठेवली आणि त्याही पाहायला आल्या. आत अजून किती आहेत ते कळत नाही, म्हणून डावे तावदान आजही बंद आहे आणि चहा आम्ही गॅलरीत घेतो.